ड्राइव्ह-इनच्या इंटरमिशन फिल्म आणि स्नॅक बारच्या जाहिराती शोधताय? या चुका टाळा

आपल्याकडे मध्यंतर म्हटलं की सिनेमाच्या ऐन रंगात पडणारा खंड डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे अमेरिकी ड्राइव्ह-इनच्या (मैदानात गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या थिएटरच्या) इंटरमिशन फिल्म, म्हणजे मध्यंतरात दाखवायच्या जाहिरातींच्या छोट्या फिल्म, शोधणारे बरेच जण जुन्या चित्रपटांच्या प्रिंट आणि डीव्हीडी पालथ्या घालतात. तिथं त्या क्वचितच असतात. ड्राइव्ह-इनला साधारणपणे एका तिकिटात दोन चित्रपट असत आणि इंटरमिशन त्या दोघांच्या मधे पडे. त्या वेळात दाखवायचं रीळ स्वतंत्र असे. थिएटरचा मालक जाहिरातींचे तुकडे विकत घेई, ऑपरेटर ते आपल्या सोयीने जोडून रीळ तयार करी. एखादा तुकडा फाटला की काढून टाकायचा, नवा आला की मधे घालायचा. म्हणून ‘मूळ, संपूर्ण इंटरमिशन फिल्म’ अशी एकच वस्तू कुठे नसते. प्रत्येक थिएटरचं रीळ वेगळं होतं. हे एकदा पक्कं झालं की पुढच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात.

चुकीच्या शब्दाने शोधणं

‘ड्राइव्ह-इन ॲड’ एवढंच टाकलं तर शेकडो निरुपयोगी निकाल येतात. धंद्यातला खरा शब्द आहे ‘स्नाइप’. मुख्य चित्रपट आणि ट्रेलर सोडून पडद्यावर जे छोटं-मोठं दाखवलं जाई, ते सगळं स्नाइप. लिलावाच्या संकेतस्थळांवर जुने संग्राहक याच नावाने माल टाकतात. रोमन लिपीत ‘३५ एमएम स्नाइप’, ‘कन्सेशन’ (म्हणजे थिएटरातला स्नॅक बार), ‘रिफ्रेशमेंट’, ‘काउंटडाउन’, ‘क्लॉक’ असे शब्द आलटून पालटून द्या. उत्पादनाचं नाव दिलंत तर आणखी नेमकं सापडतं: फ्लेव्होज श्रिम्प रोल, चिली डिली हे लोणच्याचं काकडीबुवा पात्र, कॅसलबेरीचं बार्बेक्यू, डॉ. पेपर हे शीतपेय, आणि ‘पिक’ ही डास पळवणारी कॉइल. शेवटची वाचून हसू नका. उघड्या मैदानात रात्री गाडीच्या काचा खाली करून बसायचं तर डासांचा बंदोबस्त हवाच. ती कॉइल स्नॅक बारवरच मिळायची आणि तिची जाहिरात पडद्यावर लागायची.

निर्मात्यांची नावंही उपयोगी पडतात. शिकागोची फिलमॅक ही कंपनी १९१९ पासूनची. या क्षेत्रात सर्वांत मोठं नाव तिचंच. ट्रेलर पुरवणारी नॅशनल स्क्रीन सर्व्हिस आणि पाइक प्रॉडक्शन्स ही आणखी दोन नावं शोधात घाला.

प्रत्येक स्नॅकची जाहिरात ड्राइव्ह-इनची समजणं

फिलमॅकने १९५७ मध्ये केलेली ‘लेट्स ऑल गो टू द लॉबी’ ही फिल्म सगळ्यांना ठाऊक आहे. २००० मध्ये तिचा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समावेशही झाला. पण तिच्या नावातच ‘लॉबी’ आहे, आणि मैदानात गाड्या लावून बघायच्या थिएटरला लॉबी नसते. अशा फिल्म बंदिस्त थिएटरांसाठी बनत आणि ड्राइव्ह-इनवालेही त्या बिनधास्त चालवत. खास ड्राइव्ह-इनसाठी बनलेली फिल्म ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत: पडद्यावर गाड्या, खांबावरचे स्पीकर, ‘स्पीकर जागेवर ठेवून मगच गाडी काढा’ ही सूचना, डासांची कॉइल, गाडीत लावायचे हीटर, आणि मिनिटं मोजणारं घड्याळ. ‘शो सुरू व्हायला १० मिनिटं’ असं सांगत उलटी मोजणी होते, कारण शेवटच्या रांगेतल्या गाडीतून चालत जाऊन, रांगेत उभं राहून, ट्रे घेऊन परत यायला वेळ लागतो.

‘१९५० चं ओरिजिनल’ यावर विश्वास ठेवणं

सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. फिलमॅकसारख्या कंपन्या एकच फिल्म वर्षानुवर्षं विकत राहिल्या. म्हणजे १९५७ च्या फिल्मची तुमच्या हातातली प्रिंट १९७५ ची असू शकते. विकणारा फिल्मचं वर्ष सांगतो, तुम्हाला प्रिंटचं वर्ष हवं असतं.

ते कडेला लिहिलेलं असतं. कोडॅकच्या फिल्मवर छिद्रांच्या बाजूला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात आणि त्या दर २० वर्षांनी त्याच क्रमाने परत येतात. एकटं वर्तुळ म्हणजे १९३६, १९५६ किंवा १९७६. तिन्हींतलं कोणतं, ते चित्रातल्या मजकुरावरून ठरवा. विकणाऱ्याकडे कडेचा जवळून काढलेला फोटो मागा, पण आणखी एक गोष्ट बघायला विसरू नका. पारदर्शक कडेवर काळी अक्षरं असतील तर ती याच प्रिंटची. काळ्या कडेवर पारदर्शक अक्षरं असतील तर ती निगेटिव्हवरून छापून आलेली, म्हणजे निगेटिव्हच्या फिल्मची. हा फरक न बघितल्याने सत्तरच्या दशकातली प्रिंट पन्नासची म्हणून घेणारे पुष्कळ आहेत. शिवाय खूण सांगते ती कच्ची फिल्म कारखान्यात बनल्याचं वर्ष. प्रिंट त्याच वर्षी किंवा त्यानंतर निघाली, त्याआधी नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मजकुरातूनही काळ कळतो. पैसे भरून बघायच्या टीव्हीला विरोध करा, असं सांगणाऱ्या स्नाइप बहुधा साठच्या दशकातल्या. घड्याळ एक तास पुढे नेण्याच्या पद्धतीलाही ड्राइव्ह-इनवाल्यांचा कडवा विरोध होता, कारण अंधार उशिरा पडला की शो उशिरा लागतो. आवाज गाडीच्या रेडिओवर लावा असं सांगणारी स्नाइप खांबावरच्या स्पीकरच्या काळानंतरची. जाहिरातीची तारीख पक्की करायला मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीचं ‘लँटर्न’ हे शोधयंत्र वापरा. ‘मोशन पिक्चर हेरल्ड’सारखी धंद्याची साप्ताहिकं तिथं अक्षरन् अक्षर शोधता येतात.

लांबी न विचारता रीळ घेणं

३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे सेकंदाला दीड फूट. यादीत ‘२० फूट’ लिहिलं असेल तर तुम्ही जेमतेम १३ सेकंद विकत घेताय. दहा मिनिटांची पूर्ण उलटी मोजणी म्हणजे ९०० फूट. १६ मिमीचा हिशोब वेगळा, मिनिटाला ३६ फूट. मिमी न सांगता नुसते फूट सांगणाऱ्याला आधी मिमी विचारा.

दुसरा प्रश्न: तुकडा एका रिळातून कापून काढलाय का? ३५ मिमीवर ध्वनिपट्टी चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे असते. ऑपरेटरने किंवा नंतर एखाद्या विक्रेत्याने चित्र बघून बरोबर सांध्यावर कात्री चालवली, तर त्या जाहिरातीचा पहिला पाऊण सेकंदाहून जास्त आवाज आधीच्या तुकड्यावर राहून जातो आणि शेवटी पुढच्या जाहिरातीचा आवाज चिकटून येतो. ‘पॉपकॉर्न’ ऐवजी ‘…कॉर्न’ ऐकू आलं तर स्कॅन करणाऱ्याला दोष देऊ नका, दोष कात्रीचा आहे. शेजारचा तुकडा त्याच विक्रेत्याकडे असेल तर तोही घ्या. हरवलेला आवाज त्यावर मिळतो.

वास न घेता, न मोजता प्रोजेक्टरवर चढवणं

डबा उघडल्याबरोबर व्हिनेगरचा आंबूस वास आला तर ॲसिटेट (एक प्रकारचं प्लास्टिक) फिल्म सडायला लागली आहे. हा रोग थांबत नाही, फक्त थंडीत मंदावतो, आणि त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या डब्यांनाही लागते. तो डबा तेव्हाच वेगळा ठेवा. किती बिघडलंय हे कळायला ए-डी स्ट्रिप नावाच्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात ठेवल्यावर पट्टी निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर सावध व्हा, पिवळी झाली तर आधी स्कॅन करून घ्या, बाकी सगळं नंतर.

आकसलेली फिल्म प्रोजेक्टरच्या दात्यांवर फाटते. मोजायची रीत सोपी आहे. फिल्म सपाट टेबलावर ताण न देता पसरा, स्टीलची पट्टी लावा आणि एका छिद्राच्या कडेपासून पुढच्या १०० व्या छिद्राच्या त्याच कडेपर्यंतचं अंतर बघा. ३५ मिमीच्या चांगल्या प्रिंटमध्ये ते ४७५ मिमी भरतं. ४७१ च्या आसपास किंवा त्याखाली आलं तर ती प्रोजेक्टरवर चढवू नका. दाते नसलेल्या, रोलरवर चालणाऱ्या स्कॅनरकडेच द्या.

१९५१ पर्यंत ३५ मिमीत नायट्रेट फिल्म वापरात होती. ती भडकन पेट घेते, एकदा पेटली की विझत नाही. कडेवर ‘सेफ्टी’ (म्हणजे अशी न भडकणारी फिल्म) हा शब्द दिसतो का ते बघा. काळ्या-पारदर्शक अक्षरांचा वर सांगितलेला नियम इथंही लागू आहे: छापून आलेला ‘सेफ्टी’ तुमच्या प्रिंटबद्दल काहीच सांगत नाही. शंका असेल तर पार्सल मागवूच नका.

रंग ‘सुधारून’ फिल्म बिघडवणं

बहुतेक रंगीत स्नाइप ईस्टमनकलर या कोडॅकच्या रंगीत फिल्मवर आहेत आणि त्या आज गुलाबी-लाल दिसतात. त्यातला निळसर-हिरवट रंगद्रव्याचा थर आधी उडतो, म्हणून लाल तेवढा उरतो. मोबाइलच्या ॲपमध्ये एक बटण दाबून हे दुरुस्त होत नाही. स्कॅन १० बिट किंवा त्याहून जास्त खोलीचा करून घ्या, मूळ स्कॅनची फाइल न छेडता बाजूला ठेवा आणि तिच्या प्रतीवर लाल, हिरवा, निळा असे एकेक रंग वेगळे उचला. मोजमापाला पॉपकॉर्न धरा. प्रत्येक रिळात तो असतोच, आणि लोणी न लागलेला दाणा पांढरा असायला हवा हे सगळ्यांना माहीत आहे. तो पांढरा झाला की सॉसेज आणि कागदी पेल्याचे रंग बऱ्यापैकी जागेवर येतात. मोहरीचा सॉस मात्र पूर्ण पिवळा होईपर्यंत ओढत बसू नका. तेवढी माहिती आता फिल्मवर उरलेलीच नाही, ओढून फक्त दाणेदार कचरा वर येतो.

पहिली सापडलेली फाइल उतरवून घेणं

यूट्यूबवरच्या बहुतेक फिती कुठल्या तरी व्हिडिओ कॅसेटची प्रत, तिची प्रत, अशा आहेत. त्याच जाहिरातीची जास्त स्वच्छ आवृत्ती बऱ्याचदा इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल संग्रहालयात मिळते. तिथं ड्राइव्ह-इनच्या जाहिरातींचा वेगळा संग्रह आहे आणि जुन्या जाहिराती-माहितीपटांचा प्रेलिंजर संग्रहही आहे. मात्र पानावर दिसणारा व्हिडिओ म्हणजे संकेतस्थळाने नंतर बनवलेली लहान फाइल असते. सर्व फाइल दाखवणारा दुवा उघडा आणि सर्वांत मोठी, मूळ चढवलेली फाइल घ्या, बहुधा ती एमपेग-२ या व्हिडिओ प्रकारातली असते. समथिंग वीअर्ड व्हिडिओ या कंपनीने ड्राइव्ह-इन इंटरमिशनचे जे संच काढले, त्यातून उचललेले तुकडे कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून ओळखू येतात.

मोठी फाइल उघडल्यावर हालचालीत कंगव्यासारख्या रेघा दिसतील. साधा डीइंटरलेस (अशा रेघा घालवणारा फिल्टर) लावू नका. सेकंदाला २४ चौकटींची फिल्म अमेरिकी टीव्हीसाठी ३० कडे ताणलेली आहे, म्हणून पाचपैकी दोन चौकटी मिसळलेल्या असतात. एफएफएमपेग या व्हिडिओवर काम करणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये आधी ‘फील्डमॅच’ आणि मग ‘डेसिमेट’ हे फिल्टर लावले की खऱ्या २४ चौकटी परत मिळतात. ७२०×४८० ची फाइल ४:३ मध्येच दाखवा. रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापलीत तर सर्वांत आधी खालची किमतीची ओळ जाते.

ओरखडे बघून जुनी समजू नका. नव्याने बनवलेल्या नकली स्नाइपही फिरतात. त्यांच्यात तोच ओरखडा ठराविक सेकंदांनी परत येतो. खऱ्या प्रिंटमध्ये काळे ठिपके प्रिंटवरच्या धुळीचे, पांढरे निगेटिव्हवरच्या धुळीचे, आणि दोन्ही बेशिस्तपणे मिसळलेले असतात.

‘जुनं आहे म्हणजे फुकट आहे’

अमेरिकेत १९६४ पूर्वी प्रकाशित झालेल्या फिल्मचा कॉपीराइट हक्क २८ व्या वर्षी नूतनीकरण न केल्याने संपला असेल, किंवा १९७८ पूर्वी हक्काची सूचना न छापल्यामुळे तो कधी लागूच झाला नसेल. पण हे प्रत्येक फिल्मपुरतं तपासावं लागतं, कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदींत. शीतपेयांची नावं आणि चिन्हं हा ट्रेडमार्कचा वेगळा विषय.

रीळ सोडवताना क्रम मोडणं

भरून न येणारं नुकसान हेच. अख्खं जोडलेलं रीळ हाती आलं की विक्रेते आणि हौशी लोक दोघंही त्याचे तुकडे करतात, कारण सुटे तुकडे जास्त दराने जातात. मग ऑपरेटरने कॉइलची जाहिरात घड्याळाच्या कोणत्या मिनिटानंतर लावली होती, गावातल्या कोणत्या दुकानाची पाटी मधे घातली होती, हे कायमचं पुसलं जातं. आधी अख्खं रीळ एका सलग फाइलमध्ये स्कॅन करा. मग कागदावर प्रत्येक जोडाची नोंद करा: सुरुवातीपासून किती फुटांवर, जोड सिमेंटचा (फिल्म चिकटवायच्या द्रवाचा) की चिकटपट्टीचा, दोन्ही बाजूंच्या कडेवरची खूण कोणती, आवाज कुठे तुटतो. डब्यावर थिएटरचं नाव किंवा पेन्सिलीने लिहिलेली तारीख असेल तर डबा गंजका असला तरी त्याचे फोटो काढा, आणि फिल्म नव्या हवेशीर डब्यात हलवताना त्या कागदाची एक प्रत त्याच डब्यात ठेवा.