संगीत मासिकाचं लेआउट: आधी पट्टीने मोजा, मग पान लावा

मास मीडियाच्या वर्गात संगीत मासिकाचं विश्लेषण लिहायला सांगितलं की दोन वाक्यं हमखास येतात: लाल रंग ऊर्जा दाखवतो, आणि कलाकार थेट कॅमेऱ्यात बघतोय म्हणून वाचकाला जवळीक वाटते. दोन्ही चूक नाहीत. पण ती कुठल्याही कव्हरला चिकटवता येतात आणि त्यांच्या जोरावर स्वतःचं एक पानही लावता येत नाही. पान लावायला मापं लागतात. म्हणून विश्लेषणाला बसताना छापील अंक, पट्टी, पेन्सिल आणि ट्रेसिंग पेपर घेऊन बसा. स्क्रीनवरच्या पीडीएफमध्ये झूम बदलत राहतो, अक्षर खरं केवढं आहे ते कळत नाही.

एकाच मासिकाचे तीन सलग अंक घ्या आणि तुलनेला दुसऱ्या मासिकाचा एक. एकाच अंकावरून मासिकाचा नियम कोणता आणि त्या महिन्याची लहर कोणती हे सांगता येत नाही. तिन्ही अंकांत जे बदललं नाही ती हाउस स्टाइल. याचा उलटा नमुनाही प्रसिद्ध आहे. लंडनच्या 'द फेस' मासिकात डिझायनर नेव्हिल ब्रॉडी यांनी अनुक्रमणिकेच्या शीर्षकाचा शब्द अंकागणिक थोडाथोडा मोडत नेला, शेवटी तो अक्षरांपेक्षा चिन्हासारखा दिसू लागला. हे एका अंकावरून कळणं शक्यच नाही.

काय मोजायचं

कव्हरवर पाच गोष्टी मोजा: मास्टहेडची (मासिकाच्या नावाची) उंची, चेहऱ्याची उंची (कपाळापासून हनुवटीपर्यंत), कव्हर लाइन (आतल्या मजकुराची जाहिरात करणाऱ्या ओळी) किती, त्यांत अक्षरांचे आकार किती, फॉन्ट किती. पहिल्या दोन उंची पानाच्या उंचीच्या टक्क्यांत लिहा, म्हणजे वेगवेगळ्या आकाराच्या मासिकांची तुलना होते.

आतल्या पानांवर कॉलमची रुंदी, दोन कॉलममधली फट, पूर्ण कॉलममधल्या ओळी आणि एका ओळीतले सरासरी शब्द (दहा ओळी मोजून दहाने भागा). मग ट्रेसिंग पेपरवर १ सेंमीचे चौकोन आखून पानावर ठेवा. ए-४ पानावर साधारण ६२० चौकोन बसतात. फोटो, मजकूर, शीर्षकं, जाहिरात आणि कोरी जागा यांचे चौकोन वेगवेगळे मोजा. काम कंटाळवाणं आहे, पण 'या पानावर फोटोचं वर्चस्व आहे' या वाक्याला त्यामुळेच आधार मिळतो.

लिहिताना प्रत्येक मुद्दा एकाच क्रमाने न्या: माप, मग डोळ्यांना दिसतं काय, मग त्यातून सुचतं काय, आणि ते कोणत्या वाचकासाठी. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांचे 'दिसणारा अर्थ' आणि 'सुचणारा अर्थ' मधल्या दोन पायऱ्यांवर येतात. माप सोडून थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली की लाल रंगाची ऊर्जा सुरू होते.

वाचकाचा मुद्दा समजायला एक जोडी फार उपयोगाची आहे. ब्रिटिश संपादक निक लोगन यांनी १९७८ मध्ये 'स्मॅश हिट्स' काढलं आणि १९८० मध्ये 'द फेस'. पहिलं शाळकरी पॉप-चाहत्यांसाठी: भडक रंग, छोटे मजकूर, भिंतीवर लावण्यासारखे फोटो आणि गाण्यांचे छापील बोल, कारण वाचकाला गाणं म्हणायचं होतं. दुसरं कपडे, क्लब आणि संगीत एकाच नजरेने बघणाऱ्या तरुणांसाठी: मोठे फोटो, भरपूर कोरी जागा, मुद्दाम घडवलेली अक्षरं. माणूस एक, शहर एक, विषयही बराचसा एक. मांडणी बदलली ती वाचकामुळे.

विद्यार्थी सर्वांत जास्त नक्कल करतात ती डिझायनर डेव्हिड कार्सन यांच्या 'रे गन' या अमेरिकन संगीत मासिकाची. १९९४ मध्ये त्यांनी गायक ब्रायन फेरी यांची एक मुलाखत झाफ डिंगबॅट्स या निव्वळ चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली, म्हणजे ती वाचताच येत नव्हती. तिथला वाचक असा बंडखोरपणा बघायलाच ते मासिक हातात घेत होता. तुमचा वाचक तबल्यावरचा लेख वाचायला आला असेल तर तीच युक्ती त्याला फक्त अडवते. नक्कल करण्याआधी त्या मासिकाचा वाचक एका वाक्यात लिहून बघा. जमलं नाही तर ती मांडणी उचलू नका.

मराठी नमुना हवा असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'संगीत कला विहार'चे जुने अंक ग्रंथालयात शोधा. बंदिशी आणि स्वरलिपी पानावर कशा बसवल्या आहेत ते नीट बघा. इंग्रजी पॉप मासिकांत हा प्रश्न सहसा येत नाही.

पानाचा सांगाडा

कव्हर, अनुक्रमणिका आणि समोरासमोरच्या दोन पानांचा एक लेख, एवढा प्रकल्प धरू. इनडिझाइन या पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ए-४ पान, फेसिंग पेजेस (समोरासमोरची पानं) चालू, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (पानाबाहेर वाढवलेली, छपाईनंतर कापली जाणारी कड). आतलं आणि बाहेरचं मार्जिन १५ मिमी, वरचं २०, खालचं २३. मजकुराला १८० बाय २५४ मिमी जागा उरते.

या १८० मिमीचे सहा कॉलम करा, मधली फट ६ मिमी. प्रत्येक कॉलम बरोबर २५ मिमीचा होतो. दोन-दोन जोडले की ५६ मिमीचे तीन कॉलम, तीन-तीन जोडले की ८७ मिमीचे दोन. एकाच सांगाड्यात बातम्यांचं तीन कॉलमी पानही बसतं आणि लेखाचं दोन कॉलमीही, त्यामुळे पानं वेगळी दिसूनही एकाच मासिकाची वाटतात. २५४ मिमी म्हणजे ७२० पॉइंट. लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) १६ पॉइंट ठेवलं तर नेमक्या ४५ ओळी बसतात. बेसलाइन ग्रिड (अक्षरं ज्यांवर बसतात त्या आडव्या रेषा) १६ पॉइंटला लावा आणि मजकूर ग्रिडला लॉक करा. नाही केलं तर शेजारच्या कॉलममधल्या ओळी दोन-तीन पॉइंटने खालीवर होतात आणि पान विस्कटलेलं दिसतं.

इंग्रजी टेम्प्लेट उतरवून त्यात मराठी भरणं ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक. त्यात मजकूर ९ पॉइंट आणि लीडिंग ११ असतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतो. ११ च्या लीडिंगमध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो. मजकूर ११ पॉइंट, लीडिंग १६ हे सुरक्षित माप. फॉन्ट ठरवण्याआधी 'मूर्तींत स्फूर्ती' सारखे शब्द एकाखाली एक लावून बघा.

या आकारात ५६ मिमीच्या कॉलममध्ये ओळीला चार-पाच शब्द येतात. अशा कॉलमला जस्टिफाय केलं (दोन्ही कडा सरळ केल्या) की शब्दांमध्ये भगदाडं पडतात, कारण मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतात. 'कार्यक्रमांमधल्यासारखं' असा एक शब्द आला की ओळ संपली. अरुंद कॉलम डावीकडून सरळ ठेवा, उजवी कड मोकळी सोडा. ८७ मिमीला ओळीत सातेक शब्द येतात, तिथे जस्टिफाय चालतं. अक्षरांमधलं अंतर म्हणजे ट्रॅकिंग मात्र कुठेही वाढवू नका. इंग्रजी शीर्षकात ते देखणं दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते.

'कि'ची वेलांटी अक्षरानंतर येत असेल किंवा 'स्थिर'मधला स पाय मोडून उभा दिसत असेल तर दोष सहसा फॉन्टचा नसतो. पॅराग्राफ स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनखाली कंपोझर 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' करा. कॅरेक्टर स्टाइलमध्ये भाषा मराठी निवडा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिले आहेत तिथे ते उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. 'दुसऱ्या', 'सुरांच्या कोऱ्या पाटीवर' अशा शब्दांतला ऱ्या तपासा: तिथे रफार आला तर शब्द चुकलाच. इनडिझाइन नसेल तर स्क्रायबस या फुकट सॉफ्टवेअरच्या १.५.३ पासूनच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट जुळते. जुन्या युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोड करून घ्या आणि पुन्हा वाचा, रूपांतरात जोडाक्षरं गळतात.

कव्हर

इंग्रजी मासिकांत कलाकाराचं डोकं मास्टहेडवर आणण्याची पद्धत आहे. 'रोलिंग स्टोन'ने ती कितीदा तरी वापरली आहे. देवनागरीत जपून. डोकं खालून वर येतं आणि अक्षराचं पोट झाकतं, शिरोरेषा तेवढी उरते. प, ष, फ, य यांतला फरक नेमका त्या पोटातच असतो. 'मैफल' नावावर फ झाकला गेला तर काहीच उरत नाही. म झाकला आणि मात्रा दिसत राहिल्या तर शब्द ओळखता येतो. झाकायचं तर एकच अक्षर, तेही अर्ध्यापेक्षा कमी, आणि ज्याने मासिक कधी पाहिलेलं नाही अशा कोणाला तरी वाचायला देऊन.

ब्रिटिश पाठ्यपुस्तकांत 'डावा तिसरा भाग' फार महत्त्वाचा सांगतात, कारण तिकडे दुकानातल्या मांडणीवर मासिकं एकमेकांवर सरकवलेली असतात आणि डावी पट्टीच दिसते. तुमचा अंक जिथे विकला जाईल असं धरलंय तो स्टॉल बघून या. मासिकं एकाखाली एक लावलेली असतील तर वरची पट्टी महत्त्वाची, मग मुख्य कव्हर लाइन मास्टहेडच्या लगेच खाली घ्या.

अक्षरांचे तीनच आकार वापरा: मुख्य ओळ सर्वांत मोठी, दुय्यम तिच्या निम्मी, बाकी त्याहून लहान. जाड ठसठशीत शीर्षकाला बलू किंवा तेको, मजकुराला मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी, असे फुकट मिळणारे फॉन्ट पुरेसे आहेत. एका अंकात फॉन्टची दोन कुटुंबं, तिसरं आणलंच तर कारण लिहून ठेवा. बारकोडचं प्रमाण माप ३७.२९ बाय २५.९३ मिमी, त्यामागे पांढरी पट्टी हवी, फोटोवर थेट ठेवलेला बारकोड स्कॅन होत नाही.

जोडपानाचा लेख

फोटोंपासून सुरू करा, मजकुरापासून नाही. ब्लीडसह पूर्ण ए-४ पानाला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) २५५१ बाय ३५७९ पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेल फोनचा उभा फोटो (३००० बाय ४०००) त्यात आरामात बसतो. तोच आडवा फोटो दोन्ही पानांवर पसरला तर सुमारे २३८ पीपीआय उरतात. चालून जातं, पण क्रॉप करायला जागा राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसतो आणि हे छपाईच्या दिवशीच उघडकीला येतं. गायकाचा चेहरा किंवा सतारीचा भोपळा मधल्या घडीवर येऊ देऊ नका, चेहरा घडीपासून किमान १५ मिमी दूर.

अर्धं जोडपान फोटोला दिलं, शीर्षक आणि स्टँडफर्स्टला (शीर्षकाखालच्या छोट्या परिचयाला) वरच्या ११ ओळी दिल्या, तर दोन कॉलममध्ये ३४ ओळी गुणिले २, म्हणजे साधारण ४७५ शब्द उरतात. पुल कोट (लेखातलं एखादं वाक्य मोठ्या अक्षरांत) टाकला की आणखी चाळीसेक कमी. लेख आधी हजार शब्दांचा लिहून मग तो कोंबण्यासाठी फॉन्ट ९.५ करू नका, लेख कापा.

लेखात बंदिश असेल तर तिला टेबल हवं, टॅब किंवा स्पेसने तालाच्या मात्रा (ठोके) जुळत नाहीत. तीनतालाला १६ रकाने: १८० मिमीत प्रत्येक ११.२५ मिमीचा. ५६ मिमीच्या कॉलममध्ये ती बसवायचा प्रयत्न सोडून द्या. वरच्या ओळीत स्वर, खाली बोल, त्याखाली तालचिन्हं: १ल्या मात्रेला ×, ५व्या २, ९व्या ०, १३व्या ३. बंदिश 'खाली'पासून, म्हणजे ० चिन्हाच्या मात्रेपासून, उठत असेल तर टेबलही नवव्या मात्रेपासून सुरू करा, म्हणजे चिन्हं ०, ३, ×, २ अशी येतील. दर चार मात्रांनंतर उभी रेघ थोडी जाड. स्वरलेखनाच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली ठिपका. मंद्र कोमल निषादाला दोन्ही येतात आणि रेघ ठिपक्यावर बसते. अंडरलाइनचा ऑफसेट वाढवून ती ठिपक्याच्या खाली न्या, स्वरांच्या ओळीची उंची २२ पॉइंट करा आणि याची एक कॅरेक्टर स्टाइल करून ठेवा. मग एखाद्या गाणाऱ्याकडून टेबल वाचून घ्या. एक मात्रा सरकली तर सम (तालाची पहिली मात्रा) चुकते, आणि प्रूफरीडरच्या ते लक्षात येत नाही.

गाण्याचे बोल छापताना भारतात कॉपीराइट गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो हे लक्षात ठेवा. समीक्षेपुरत्या दोन ओळी उद्धृत करा, अख्खं गाणं नाही. फोटो स्वतःच काढा.

छपाईला देण्याआधी

काळा मजकूर फक्त के (काळी शाई) १०० टक्के. स्क्रीनचा आरजीबी काळा छपाईच्या सीएमवायकेत गेला की चार शाईंचा होतो, प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांना रंगीत कड येते. गडद फोटोवर पांढरा मजकूर लावायचा तर १२ पॉइंटपेक्षा लहान नको आणि वजन मध्यम घ्या. बारीक काने शाईत बुजतात. पानांची संख्या चारच्या पटीत, नाहीतर मधल्या पिनेच्या बांधणीत कोरी पानं सुटतात. पीडीएफ एक्स्पोर्ट करताना ब्लीड आणि क्रॉप मार्क (कागद कापायच्या खुणा) चालू आहेत ना, ते पाहा.

शेवटी साध्या प्रिंटरवर खऱ्या मापात प्रिंट काढा, 'फिट टु पेज' बंद करून. घडी घाला, पिना मारा आणि विश्लेषणाला वापरलेला तोच ट्रेसिंग पेपर आपल्या पानांवर ठेवून चौकोन मोजा. फोटो, मजकूर आणि कोऱ्या जागेचे आकडे नमुना मासिकाच्या आकड्यांशेजारी एका तक्त्यात लिहा आणि जिथे फरक पडला तिथे तो मुद्दाम केलाय की जागा कमी पडली म्हणून झालाय, हे एका ओळीत नोंदवा. प्रकल्प अहवालातलं मूल्यमापनाचं प्रकरण या तक्त्यावरूनच लिहायचं.