स्लॅबची इमारत पाहायची तर जुलैत पाहा

आधुनिक स्थापत्य कसं पाहावं हे सांगणारे बहुतेक जण आधी जाडजूड पुस्तक हातात देतात. मग साधेपणा, सरळ रेषा, पांढऱ्या भिंती यांची जपमाळ सुरू होते. कोकणात हे सगळं नंतर. आधी छत्री घ्या.

सुरुवात घरातल्या तांब्यापासून करा. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे आलं होतं. १९५८ च्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते लोट्याचं. त्याच अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तुम्ही एवढंच करा: तांब्या भरा, गळ्याशी धरून उचला, ओता आणि आतून घासा. हात आत जातो का? ओतल्यावर काठावरून ओघळ मागे येतो का? मग पडवीतली प्लास्टिकची खुर्ची उलटी करा. बैठकीला भोक दिसलं तर ते कशासाठी, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागू नये.

दुसरी पायरी दहा मिनिटांची. रत्नागिरीत थिबा राजवाड्यासमोर उभे राहा. हा १९१० चा. उतरती छपरं आणि व्हरांडे पाहा. इथे पावसाचं काम छपराच्या उताराने अंगावर घेतलंय. एवढं लक्षात ठेवा आणि निघा.

आता खरी पायरी. इथेच मी तोंडावर आपटलो होतो.

जर्मनीत १९१९ मध्ये बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू झाली, त्या सुमाराच्या वास्तुकारांनी उतरतं छप्पर काढून सपाट स्लॅब आणला. भार खांबांनी घेतला, त्यामुळे भिंत मोकळी झाली आणि खिडकी हवी तेवढी लांब करता आली. पण छपराचा उतार जे काम करत होता ते आता कोण करणार? हा प्रश्न ल कॉर्ब्युझिए या नावाजलेल्या वास्तुकारालाही भोवला. पॅरिसजवळचा त्याचा व्हिला साव्हॉय हा बंगला १९३१ मध्ये पुरा झाला आणि मालकीणबाईंची गळतीची तक्रार काही संपेना. तिथल्यापेक्षा आपला पाऊस कितीतरी पट जास्त. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तोही वाऱ्यासकट आडवा.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी मित्रांना एक नवी इमारत दाखवली होती. गुळगुळीत दर्शनी भाग, छज्जा नावालाही नाही. 'याला म्हणतात आधुनिक', असं छाती पुढे काढून सांगितलं. जुलैत तेच मित्र घेऊन पुन्हा गेलो. भिंतीवर काळे ओघळ, जिन्यात तीन बादल्या आणि गच्चीवर निळी ताडपत्री. एकाने विचारलं, "हीच ना रे ती?" फोटोत चांगलं दिसेल ते चांगलं, असा माझा समज तिथेच भिजला.

तेव्हा असं करा. पहिल्या पावसात जाऊ नका, तेव्हा नुसती धूळ धुतली जाते. आषाढात, झड लागलेली असताना, रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. गाडीच्या काचेतून बघायचं नाही. संपूर्ण इमारत न्याहाळत बसू नका. गच्चीच्या कडेवरचा एक ओघळ निवडा आणि तो जमिनीला टेकेपर्यंत सोडू नका. पन्हळीत जातो का? छज्ज्यावरून पागोळीसारखा सुटून पडतो, की छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागे भिंतीपर्यंत येतो?

पाऊस थांबल्यावर एखाद्या खालच्या छज्ज्याच्या पोटाखाली, कडेपासून दोन-तीन बोटं आत हात फिरवा. चांगल्या गवंड्याने तिथे एक बारीक खाच ठेवलेली असते. पाण्याला ती ओलांडता येत नाही, ते तिथेच गळून पडतं. मला राजवाड्यांवरच्या नक्षीपेक्षा ही खाच जास्त देखणी वाटते.

स्लॅबवर पत्रे घातलेली घरं दिसतील, रांगेने दिसतील. हसू नका. तो घरमालकाने इमारतीवर लिहिलेला शेरा आहे. बाल्कनीच्या पोटातून गंजलेली सळी डोकावत असेल तर लगेच शैलीला दोष देऊ नका. खाऱ्या हवेत सळी गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे काढते. सळीवर काँक्रीटचा थर पातळ ठेवणारा हात वेगळाच असतो. पण पश्चिमेला तोंड करून उभा केलेला काचेचा डबा, ज्यात एसी बंद पडला की माणूस उकडून निघतो, त्याला आधुनिक म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

डोळा तयार झाला की पणजीला जा. मांडवीकाठची कला अकादमी वास्तुकार चार्ल्स कोरियांची. जांभा आणि काँक्रीट एकत्र, बुटकी इमारत, रस्त्यावरून आत शिरलात की मधली मोकळी जागा तुम्हाला नदीकडे घेऊन जाते. आतल्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची रंगवलेली माणसं आहेत, त्यांच्याकडे आधी पाहू नका, एकदा त्यांच्यात अडकलात की छताकडे मान वर जात नाही. वेळ उरला तर परतताना रत्नागिरीजवळ कोकण रेल्वेचा ६४ मीटर उंच पानवल पूल खालून पाहा. नुसते खांब आणि वर रूळ.

शेवटी घरी येऊन स्वतःच्या खिडकीच्या छज्ज्याखाली बोट फिरवा. माझ्या घराला खाच नव्हती. कटरने पाडायला गेलात तर सळी उघडी पडायची भीती असते, म्हणून मी कडेचं प्लास्टर अर्धा इंच खाली उतरवून घेतलं. गवंडी म्हणाला, "ह्या कित्याक?" पावसाळ्यानंतर त्याने स्वतःच्या घरालाही तशीच कड केली.