प्रतिपिंडावर कीलेटर बसवताना

कर्करोगाच्या चित्रणासाठी प्रतिपिंडाला (अँटिबॉडी, म्हणजे ठराविक लक्ष्य ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन) किरणोत्सारी धातू जोडतात, पण बहुतेक असे धातू त्याला स्वतःहून टिकून चिकटत नाहीत. त्यांना सर्व बाजूंनी वेढून धरणारा रेणू, म्हणजे कीलेटर, आधी प्रतिपिंडावर बसवावा लागतो. निवडीची सुरुवात मात्र समस्थानिकापासून, म्हणजे धातूचा कोणता किरणोत्सारी प्रकार वापरायचा यापासून, करावी. सुमारे १५० किलोडाल्टनचा पूर्ण प्रतिपिंड रक्तातून ओसरून अर्बुदात (ट्यूमरमध्ये) साठायला काही दिवस घेतो, त्यामुळे ६८ मिनिटे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) असलेले गॅलियम-६८ येथे कामाचे नाही. पेट (PET) चित्रणासाठी ७८.४ तासांचे झिर्कोनियम-८९ आणि स्पेक्ट (SPECT) या दुसऱ्या चित्रण पद्धतीसाठी २.८ दिवसांचे इंडियम-१११ या गतीशी जुळतात.

इंडियमला डीटीपीए या कीलेटरचे सुधारित प्रकार सामान्य तापमानालाही लवकर पकडतात. डोटा या दुसऱ्या कीलेटरची पकड अधिक टिकाऊ असली, तरी त्याला बहुधा ऊब द्यावी लागते, आणि पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) सोसते तेवढी उष्णता प्रतिपिंड सोसत नाही. झिर्कोनियमसाठी डीएफओ हा कीलेटर रुळलेला पर्याय आहे. लोह बांधण्यासाठी जिवाणूंनी घडवलेल्या या रेणूकडे धातू धरायला सहाच ऑक्सिजन असतात, तर झिर्कोनियमला आठ हवे असतात. त्यामुळे पकड अपुरी राहते आणि सुटलेले झिर्कोनियम हाडांत जाऊन बसते. हाडातील चमक म्हणजे कर्करोगाचा प्रसारच, असा निष्कर्ष काढण्याआधी हे लक्षात घ्यावे. आठ ऑक्सिजनांचा डीएफओ-स्टार उपलब्ध असेल, तर माझा कौल त्यालाच आहे.

जोडणीपूर्वी प्रतिपिंडाच्या द्रावणातून ट्रिस आणि ग्लायसीन काढून टाकावे, कारण त्यांचे अमाइन गट प्रतिपिंडातील लायसीन या अमिनो आम्लाच्या वाट्याचा कीलेटर पळवतात. सामू (पीएच) ९ च्या आसपास आणून, लायसीनशी जुळणारा आयसोथायोसायनेट गट असलेला डीएफओ डीएमएसओ या द्रावकात विरघळवून प्रतिपिंडाच्या तिप्पट मोल प्रमाणात थेंबाथेंबाने, ढवळत मिसळावा आणि ३७ अंश सेल्सियसला अर्धा तास ठेवावा. घाईने ओतल्यास प्रतिपिंडाच्या गुठळ्या होतात. जास्त कीलेटर बसवण्याचा मोह टाळावा. त्याने प्रतिपिंडाची लक्ष्य ओळखण्याची क्षमता घटते आणि यकृतातील साठा वाढतो. धातूचा चमचा वापरू नये आणि बफर (सामू स्थिर राखणारी द्रावणे) कीलेक्स या धातू शोषणाऱ्या रेझिनमधून काढून घ्यावेत, कारण लोहाचा अंशही कीलेटरच्या जागा अडवतो.

यापुढचे काम परवानाप्राप्त किरणोत्सार-कक्षातच करावे. ऑक्झॅलिक आम्लातील झिर्कोनियम सोडियम कार्बोनेटने उदासीन करून, हेपेस बफरमध्ये ७ च्या जवळपासच्या सामूला, सामान्य तापमानात तासभर ठेवावे आणि नंतर रेणूंना आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेल स्तंभातून शुद्ध करावे. आयसोथायोसायनेट लायसीनशी जुळून बनलेला थायोयुरिया बंध असलेल्या या जोडणीत क्लोराइडयुक्त बफर टाळावा. किरणोत्सारामुळे त्यातून तयार होणारे हायपोक्लोराइट त्या बंधावर हल्ला करते. साठवणीच्या बफरमधील जेंटिसिक आम्ल हे नुकसान कमी करते.

शुद्धता मोजण्यासाठी सायट्रेट वापरून केलेल्या पातळ थर वर्णलेखनात (टीएलसी) मोकळे झिर्कोनियम द्रावकाबरोबर पुढे सरकते आणि प्रतिपिंडाला बांधलेले आरंभरेषेवरच राहते. तरीही त्याच दिवशी मिळालेल्या शुद्धतेवर विसंबू नये. नमुना ३७ अंशांच्या सीरममध्ये काही दिवस ठेवून पुन्हा मोजावा आणि लक्ष्य-प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला ओळखतो तो रेणू) असलेल्या पेशींवर त्याची बंधनक्षमता स्वतंत्रपणे तपासावी.