ड्रॅगन बोट वल्हवायला शिकताना: आधी ताल, मग ताकद

कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागल्या की सांगलीत घाटावर आणि पुलावर उभं राहायला जागा मिळत नाही. त्या गर्दीतल्या एखाद्याला ड्रॅगन बोटीचं आकर्षण वाटलं तर नवल नाही. अशांसाठी हा लेख. बहुतेक नवखे दंडाच्या जोरावर भरवसा ठेवून बोटीत बसतात. पण वीस वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरली, तरच ही बोट पळते. एक वल्हं जरा मागे पडलं तरी बोटीला अडथळा होतो, मग ते मारणारा कितीही दणकट असो. म्हणून आधी ताल शिकायचा आणि ताकदीचा विचार नंतर करायचा.

बोट ओळखून घ्या

ठरलेल्या मापाची ड्रॅगन बोट सुमारे 12 मीटर लांब असते आणि जेमतेम सव्वा मीटर रुंद. दहा फळ्यांवर दोन-दोन असे वीस वल्हवणारे बसतात. पुढच्या टोकाला त्यांच्याकडे तोंड करून ढोलवाला बसतो आणि मागे सुकाणूवाला उभा राहतो. दहा जणांची लहान बोटही असते. रोइंगमध्ये वल्हं बोटीला अडकवलेलं असतं आणि पाठ पुढे करून बसतात. इथे वल्हं मोकळं, हातात असतं आणि तोंड पुढे असतं.

खेळ मूळचा चीनमधला. पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी येणाऱ्या सणात तिथे या शर्यती होतात, आणि त्या कवी छू युआनच्या स्मरणार्थ आहेत असं मानतात. आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची सुरुवात 1976 मध्ये हाँगकाँगला झाली. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हा खेळ पदकांच्या यादीत आला.

आपल्याला जमेल का, अशी शंका असेल तर कॅनडातली एक हकिकत ऐका. स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या बायकांनी हाताचा जोराचा व्यायाम करू नये, हात सुजेल, असं पूर्वी मानत. 1996 मध्ये व्हँकुव्हरच्या डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा 24 जणींना ड्रॅगन बोटीत बसवलं आणि ती भीती खोटी ठरवली. आज जगभर अशा महिलांचे संघ आहेत.

पाण्याआधी घाटाची पायरी

शिकायला सुरुवात करण्यासाठी ड्रॅगन बोट दारात असायलाच हवी असं नाही. घाटाच्या पायरीच्या कडेला बसा आणि हातात चार फुटांची काठी घ्या. उजव्या बाजूला वल्हवायचं असेल तर डावा हात वरच्या टोकावर, म्हणजे मुठीवर, आणि उजवा खाली दांड्यावर. पाण्याकडचा पाय पुढे रोवा, दुसरा मागे घ्या. बोटीत जोर या पुढच्या पायातूनच चढतो.

आता कंबरेतून वळा. उजवा खांदा पुढे जाईल आणि छाती डावीकडे फिरेल. खालचा हात सरळ ताणून काठी शक्य तितकी पुढे न्या. वरचा हात डोक्याच्या उंचीवर आणि पाण्याच्या वर, म्हणजे बोटीच्या काठाबाहेर, असायला हवा. तिथून काठी सरळ खाली रोवायची. खरं वल्हं असेल तर पातं पूर्ण बुडाल्याशिवाय ओढायला लागू नका. सगळ्यात जास्त चूक इथे होते. पातं अर्धं बुडालेलं असतानाच लोक घाईने ओढतात, मग नुसतं पाणी उडतं आणि बोट जागची हलत नाही.

ओढताना कोपर वाकवायचं नाही. वळलेली कंबर सरळ होते आणि तिच्यासोबत वल्हं मागे येतं. हात फक्त दोरासारखा, जोर पाठीचा आणि पोटाचा. वल्हं मांडीवरून मागे कंबरेपर्यंत आलं की बाहेर काढा. त्याच्या मागे ओढलं तर पातं पाणी वर उचलतं आणि बोट दबते. दोन्ही बाजूंनी सराव करा, कारण एकाच बाजूला सवय लागली की पाठ एकांगी दुखते.

वल्ह्याची लांबी नियमाने 105 ते 130 सेंटिमीटरमध्ये असते. सुरुवातीला विकत घेऊ नका. संघाचं वापरून पाहा आणि आपलं माप कळलं की मग घ्या.

बोटीत बसल्यावर

सुकाणूवाला सांगेल त्याच क्रमाने, खाली वाकून, एकेक करून चढा. उभं राहू नका. काठाला खेटून बसा. प्रत्येक जोडीत दोघांचं वजन साधारण सारखं लागतं, म्हणून जागा संघ ठरवतो, आपण नाही. सर्वांत पुढच्या जोड्या ताल धरतात. मधल्या रांगांमध्ये जड आणि ताकदवान माणसं बसवतात.

नजर आपल्या वल्ह्यावर ठेवू नका. पुढच्या जोडीची वल्ही पाहा आणि त्यांच्यासोबत आपलं पातं टाका. ढोल ऐकून मागे राहण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण ढोलवालाही पुढच्या जोडीकडे पाहूनच वाजवतो. शर्यतीत मिनिटाला साधारण 60 ते 80 वेळा वल्हं पडतं. तुम्ही पहिल्यांदा सावकाश मारा.

हुकूम इंग्रजीतच कानावर पडतील. ‘पॅडल्स अप’ म्हटलं की वल्हं पाण्यावर तयार ठेवायचं, ‘लेट इट रन’ म्हणजे थांबायचं आणि ‘होल्ड द बोट’ म्हणजे पातं पाण्यात रोवून बोट थोपवायची. हुकूम ऐकल्याबरोबर पाळायचा. चूक कुणाची हे नंतर बोला.

आपल्या नदीवर

पोहता येत नसेल तर आधी तलावात पोहायला शिका. जीवरक्षक जाकीट मात्र पोहणाऱ्यानेही घालायचं. बोट उलटली तर ती तरंगतेच, तिला धरून राहायचं आणि शेजारी बसलेला दिसतोय का ते सर्वांत आधी पाहायचं.

पावसाळ्यात नदीत उतरू नका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेलं होतं. कोयनेतून विसर्ग सुरू झाला की नदीचा वेग बदलतो. पुराच्या पाण्यात झाडं आणि ओंडके वाहून येतात. हिवाळ्यात पाणी शांत असतं, तेव्हा शिकणं बरं. बंधाऱ्याच्या जवळ मात्र कधीही जाऊ नका, कारण खालच्या भोवऱ्यात सापडलेला माणूस सहज सुटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगलीकराने विसरू नये. भिलवडी, औदुंबरच्या परिसरात कृष्णेत मगरी आहेत. त्या हिवाळ्यात उन्हाला काठावर येतात आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या वाळूत अंडी घालतात. त्यामुळे सरावाची जागा मासेमारी करणाऱ्यांना आणि वन विभागाला विचारून ठरवा, अनोळखी काठावर उतरू नका आणि हात पाण्यात सोडून बसू नका.

सराव आणि पहिली स्पर्धा

जीन्स घालून येऊ नका, भिजली की जड होते. पकड असलेले बूट आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या. भरपेट मिसळ खाऊन वल्हवायला बसू नका, पुढे वाकताना त्रास होतो. पहिल्या दिवशी तळहातावर फोड येतील. मूठ सैल धरली तर ते कमी येतात.

स्पर्धा 200, 500, 1000 आणि 2000 मीटरच्या असतात. नवख्या संघाने 200 मीटर निवडावं, म्हणजे दम टिकवण्याची चिंता राहत नाही. त्यातही पहिल्या दहा-पंधरा फटक्यांचा सराव सगळ्यांत जास्त करा. थांबलेली बोट हलवायला सर्वांत जास्त श्रम पडतात आणि नवख्यांचा ताल तिथेच तुटतो.