ऑनलाइन वर्गातून ट्युनिशियन क्रोशे शिकताना

ट्युनिशियन क्रोशेत ओळीचे सगळे फास आधी सुईवर घेतात आणि परत येताना सोडवतात. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी लांब दांड्याची, एका टोकाला आकडी आणि दुसऱ्या टोकाला गोळी असलेली क्रोशे सुई आणा. नेहमी 4 मिमीच्या सुईने विणता ती लोकर इथे 5.5 मिमीच्या सुईवर घ्या. फिकट, एकरंगी लोकरच बरी, गडद रंगात टाके दिसतच नाहीत.

15 साखळ्या घाला. सुईजवळची पहिली साखळी सोडून बाकी प्रत्येक साखळीच्या पाठीमागच्या गाठीतून एकेक फास उचला आणि सुईवरच ठेवा. सुईवरच्या आधीच्या फासासह 15 फास झाले की काम न उलटता परत या: आधी धागा एकाच फासातून ओढा, मग दर वेळी दोन-दोन फासांतून, सुईवर एक उरेपर्यंत. पुढच्या ओळीत पहिली उभी दांडी (टाक्याचा समोर दिसणारा उभा धागा) सोडून बाकीच्यांमागून फास उचला.

टाके घटतात ते बहुधा डाव्या कडेला. शेवटच्या टाक्याचे दोन्ही धागे सुईवर घ्या आणि परतण्याआधी फास मोजाच.

कापड जास्त गुंडाळतं, ते बहुधा हात घट्ट असल्यामुळे. थोडं गुंडाळणं या विणीत असतंच. सुई अर्धा-एक मिमीने वाढवा, विणून झाल्यावर ओलं करून टाचण्यांनी ताणून वाळवा.

व्हिडिओ अर्ध्या वेगाने पाहा. डावखुऱ्यांनी तो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून घ्यावा.