झाडाच्या जातीसाठी एसएसआर मार्कर बनवायचेत? मग हे आधी वाचा

जंगलात उरलेली झाडं खरंच वेगवेगळ्या वंशाची आहेत की सगळी एकाच आईची पोरं, हे नुसतं बघून कळत नाही, त्यासाठी मार्कर, म्हणजे डीएनएमधल्या ओळखीच्या खुणा, लागतात. जवळच्या जातीसाठी कुणी आधी बनवले असतील तर पहिले तेच ट्राय करा, बरेचदा त्यातले काही चालून जातात. नाहीच चालले तर स्वतःचे बनवायचे. एसएसआर म्हणजे डीएनएमधली अशी जागा जिथे एजीएजीएजी असा छोटा तुकडा लागोपाठ येतो, आणि तो किती वेळा येतो ते झाडागणिक बदलतं. शिवाय आईकडची आणि बापाकडची अशा दोन्ही प्रती दिसतात.

पानं कोवळी घ्या आणि तोडल्या तोडल्या सिलिका जेलमध्ये टाका, जेल पानांच्या निदान दहापट वजनाचं हवं. झाड खूप उंच असेल तर खोडाच्या सालीखालच्या कॅम्बियमची छोटी चकती पण चालते. मुळांतून फुटवे येणारी जात असेल तर शेजारशेजारची खोडं घेऊ नका, एकच झाड दहादा मोजाल. प्रत्येक झाडाचं जीपीएस तिथेच लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

डीएनए काढताना खरी परीक्षा. झाडांच्या पानांत टॅनिन आणि चिकट साखरा भरपूर, त्यामुळे साध्या सीटीएबी (डीएनए काढायला वापरतात ते डिटर्जंट) पद्धतीने कधी कधी तळाशी तपकिरी जेलीसारखा गोळा बसतो जो पिपेटमध्ये पण येत नाही. बफरमध्ये टॅनिन धरून ठेवणारं पीव्हीपी आणि तपकिरी होणं रोखणारं बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घाला, आणि त्याआधी पानांची पूड सॉर्बिटॉल बफरने दोनदा धुवा, जमीनअस्मानाचा फरक पडतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० हा शुद्धतेचा आकडा १.८ च्या आसपास आला की लोक खूश होतात, पण २६०/२३० पण बघा, घाण तिथे दिसते. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची रिॲक्शन) चालत नसेल तर डीएनए अजून ओतू नका, उलट दहापट पातळ करून बघा.

मग एका झाडाचं लो कव्हरेज सिक्वेन्सिंग (डीएनए वरवर वाचणं) पुरतं, त्यात मिसा हे सॉफ्टवेअर रिपीट शोधतं आणि प्रायमर३ हे सॉफ्टवेअर प्रायमर, म्हणजे रिपीटच्या दोन्ही बाजूंना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, काढतं. दोन अक्षरी रिपीटमध्ये विविधता जास्त दिसते पण स्टटरचे पीक (खऱ्या पीकशेजारी येणारे खोटे पीक) त्रास देतात, तीन-चार अक्षरी वाचायला सोपे. पीसीआरचे प्रॉडक्ट १०० ते ३५० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) मधले ठेवा. फॉरवर्ड प्रायमरला एम१३ शेपटी (सगळ्यांना सारखाच ठरलेला डीएनएचा तुकडा) लावली की प्रत्येकासाठी वेगळा रंगीत डाय मागवावा लागत नाही, पैसे वाचतात. ४०-५० प्रायमर जोड्या मागवा आणि लांबलांबच्या आठ झाडांवर तपासा. अगॅरोज जेलवर फक्त बँड येतोय का एवढंच कळतं, दोन बेसचा फरक बघायला तुकड्यांची लांबी नेमकी मोजणारं कॅपिलरी मशीनच लागतं. बऱ्याच जोड्या इथे गळतात, गळू द्या.

आता नल अलील, इथे घाई करू नका प्लीज. प्रायमर जिथे चिकटतो तिथेच एखाद्या झाडात बदल असेल तर ती प्रत वाढतच नाही, झाडात दोन वेगळ्या प्रती असून एकच दिसते, आणि आपण लिहून मोकळे होतो की इथे इनब्रीडिंग (जवळच्या नात्यातला संकर) आहे. एकाच मार्करमध्ये हेटेरोझायगोट (दोन वेगळ्या प्रती असलेली झाडं) कमी दिसत असतील तर संशय मार्करवर घ्या, सगळ्यांमध्ये कमी असतील तरच झाडांवर. सगळ्यात पक्की टेस्ट म्हणजे एक आई-झाड आणि तिच्याच बियांपासून उगवलेली रोपं. प्रत्येक रोपात आईची एक प्रत दिसायलाच हवी. आई १५२/१५२ (दोन प्रतींची बेसमधली लांबी) आणि रोप १६०/१६० असं आलं, आणि बी त्याच झाडाचं असल्याची खात्री असेल, तर तो मार्कर बाजूला काढा, तो कितीही विविधता दाखवत असला तरी.

एवढं करून १०-१५ मार्कर हातात राहिले तरी पुष्कळ. मग प्रत्येक ठिकाणची ३० एक झाडं घेऊन रन करा, आणि त्यातली पाच-दहा टक्के सॅम्पल नाव झाकून पुन्हा चालवा, दोन्ही वेळचे आकडे जिथे जुळत नाहीत तिथले पीक एकेक करून डोळ्यांनी बघा, सॉफ्टवेअरच्या ऑटो-कॉलवर सोडू नका.