नागपूरच्या उन्हाळ्यात क्रेफिश पाळायचा असेल तर (आणि अंबाझरी तलावात सोडायचा नसेल तर)

अॅक्वेरियमच्या दुकानात तो लाल-निळा लॉबस्टर दिसतो तो घरी जगतो का, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. पहिले तर तो लॉबस्टर नाहीच, लॉबस्टर समुद्रात असतो. हा क्रेफिश, गोड्या पाण्यातला. जगात याच्या 600 च्या वर जाती आहेत पण भारतातली मुळची एकही नाही, आपल्या ओढ्यात खेकडा सापडेल, झिंगा सापडेल, हा नाही सापडणार.

घ्यायच्या आधी जात विचारा. दुकानदार म्हणाला "जोडी लागत नाही, एकटीच पिल्लं देते", तर खुश होऊ नका, तिथूनच वापस फिरा. तो मार्बल्ड क्रेफिश, अंगावर संगमरवरासारखी नक्षी असते. सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालतात आणि पिल्लं म्हणजे आईची झेरॉक्स कॉपी. 1990 च्या दशकात जर्मनीतल्या अॅक्वेरियमवाल्यांकडे पहिल्यांदा दिसला आणि आता मादागास्करच्या भातशेतीत पसरलाय. युरोपियन युनियनने 2016 मध्ये हा आणि लाल क्रेफिश दोन्ही विकायला, पाळायला बंदी घातली.

आता टाकी. एकाला दोन फुटी टाकी, आणि एका टाकीत एकच ठेवा, दोन ठेवले तर एक जण दुसऱ्याला खातो. लपायला हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणा, महागड्या गुहा-बिहा लागत नाहीत. नळाचं पाणी डायरेक्ट टाकू नका, त्यात क्लोरीन असतं, अँटी-क्लोरीनचे थेंब टाकूनच भरा. माशांच्या औषधात बरेचदा तांबं असतं, माशाला चालतं पण हा त्याने मरतो, बाटलीवर वाचून घ्या. खायला बुडणाऱ्या गोळ्या, उकडलेला वाटाणा, पालक, आणि देशी बदामाचं वाळलेलं पान, धुऊन टाकायचं, दोन-चार दिवसांत नुसत्या शिरा उरतात.

झाकण मात्र घट्ट पाहिजे भाऊ. हा एअरपंपाची नळी धरून वर चढतो, आणि कल्ले ओले असेपर्यंत बाहेरही जगतो. माझा एकदा रात्री गायब झाला, सकाळभर शोधलं, शेवटी कूलरच्या मागे गळणाऱ्या पाण्याच्या थारोळ्यात बसलेला सापडला, अंगाला सगळा खसचा भुसा चिकटलेला आणि वरून मलाच नांग्या दाखवत होता.

कूलरवरून आठवलं, मे महिन्यात बाहेर 45 असतं आणि टाकीचं पाणी तिशीच्या वर गेलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. चिलर घ्यायची गरज नाही. छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारेल असा लावा, आपली हवा कोरडी असल्याने पाणी उडतं आणि उडताना गार होतं, कूलरचंच तंत्र. फक्त पाणी भराभर कमी होतं, रोज भर टाकावी लागते. आणि पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही, काहून ते कूलर वापरणाऱ्याला सांगायला नको.

कधीतरी सकाळी टाकीत तो मरून पडलेला दिसेल, मिशा, डोळे, नांग्या सगळं जागेवर. रडू नका, पाइपात डोकावून बघा. बाहेर आहे ती कात, आत बसलाय तो खरा, एकदम मऊ झालेला. कात टाकायच्या आधी तो जुन्या कवचातलं कॅल्शियम काढून पोटात दोन पांढऱ्या खड्यांसारखं साठवतो आणि नंतर ते नव्या कवचाला वापरतो. उरलेल्यासाठी ती कातच खातो, म्हणून कात फेकू नका. समुद्रफेसाचा (कटलफिशचं पांढरं हाड, तेही कॅल्शियमच) एक तुकडाही टाकून ठेवा. तुटलेली नांगीसुद्धा दोन-तीन कातींत परत येते.

कंटाळा आला तर? इथेच लोक चुकतात. मुक्या जिवाला मोकळं केलं म्हणून तलावावर नेऊन सोडतात आणि वरून पुण्य लागलं समजतात. अंबाझरी भरला की पाणी नाग नदीत जातं, 23 सप्टेंबर 2023 ला ते कसं घरात घुसलं होतं ते इथं कोणी विसरलं नसेल. नाग पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला, तिथून प्राणहितेमार्गे गोदावरी. लाल क्रेफिश तर बिळं खोदतो, ओल्या जमिनीवरून चालत दुसऱ्या पाण्यात जातो. शिवाय अमेरिकेतल्या जातींच्या अंगावर एक बुरशीसारखा रोग असतो, त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही. इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकात खाण्यासाठी तळ्यात वाढवायला अमेरिकेतला सिग्नल क्रेफिश आणला आणि तिथला गावठी पांढऱ्या नांगीचा क्रेफिश या रोगानेच नदीच्या नदी साफ झाला. काही गोड्या पाण्यातल्या खेकड्यांतही हा रोग सापडलाय.

म्हणून दुकानदाराला वापस द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. टाकीचं पाणी नालीत नाही, कुंडीत. मेला तर पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग कचऱ्यात. फक्त पिशवीवर काहीतरी लिहून ठेवा, आमच्या आईने झिंगे समजून फोडणी तयार केली होती.